मूळ लिखाण आणि त्याची घडणावळ

सोनाराच्या दुकानी गेलेल्या माणसाला दोन आकडे ऐकावे लागतात. एक सोन्याचा आणि दुसरा घडणावळीचा. सोन्याचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो व त्यावर घरोघरी चर्चा होते. घडणावळ मात्र कारागिराच्या हातावर ठरते, आणि तो हात कोणाचा हे गिऱ्हाइकाला क्वचितच ठाऊक असते. संगणकाचा इतिहास लिहिणाऱ्यांचेही काहीसे असेच झाले आहे. अमक्याने अमका प्रोग्राम लिहिला, तमक्याने त्यावर कोट्यवधी मिळविले, या कथा आपण पुष्कळ ऐकल्या. परंतु लिहिलेला प्रोग्राम दहा कंपन्यांच्या दहा तऱ्हेच्या यंत्रांवर घडवून, बसवून, चालता करण्याची खटपट कोणी केली, तिची हत्यारे कशी निर्माण झाली व ती कोणाच्या ताब्यात राहिली, हा इतिहास मागे पडला आहे. तो सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विषय रुक्ष आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. तथापि २०२४ साली याच घडणावळीच्या वाटेने जगातील असंख्य संगणकांच्या कुलपाची चोरकिल्ली बनविण्याचा उद्योग झाला, एवढे सांगितले म्हणजे हा केवळ तंत्रज्ञांच्या घरचा प्रश्न नाही हे ध्यानात येईल.

आधी दोनतीन शब्दांची ओळख करून घेऊ. माणूस जो प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. त्याला सोर्स म्हणतात. आम्ही त्याला मूळ लिखाण म्हणू. यंत्राला ही भाषा कळत नाही. त्याला केवळ आकड्यांचे हुकूम कळतात, आणि तेही प्रत्येक जातीच्या यंत्राचे निराळे. मूळ लिखाणाचे यंत्राच्या हुकमांत रूपांतर करणारा जो दुभाषी, त्याला कंपायलर म्हणतात. तिसरा शब्द लायब्ररी. येथे पुस्तकांच्या कपाटाशी संबंध नाही. पुष्कळ प्रोग्रामांना लागणारी सामाईक हत्यारे एकदाच नीट करून ठेवावयाची व ज्याला हवी त्याने उचलावयाची, अशा संचाला लायब्ररी हे नाव आहे. आपल्या मोबाइलवर 'महाराष्ट्र' हा शब्द उमटतो तेव्हा त्यातील 'ष्ट्र' नीट जुळवून बसविण्याचे काम अँड्रॉइडच्या फोनांत हार्फबझ नावाची लायब्ररी करते. तिचे नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडे. ती घडविणाऱ्यांचे मूळ लिखाण कोणालाही मोफत वाचता येते. आमच्या भाषेतील जोडाक्षरे अशा रीतीने परक्या मुलखातील लोकांच्या घडणावळीवर उभी आहेत.

पुस्तकांशी संबंध नाही असे म्हटले खरे, पण कपाटाशी होता. इंग्लंडात केंब्रिज येथे १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला. त्यावर काम करणाऱ्या मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर व स्टॅन्ली गिल यांना लवकरच असे आढळले की वर्गमूळ काढणे, आकडे छापणे ही कामे प्रत्येक जण नव्याने लिहीत बसतो व प्रत्येक जण त्यात नव्या चुका करतो. तेव्हा त्यांनी अशा कामांच्या भोके पाडलेल्या कागदी फिती तयार करून पोलादी कपाटात ठेवल्या. ज्याला हवी त्याने फितीची नक्कल करून आपल्या प्रोग्रामच्या फितीला जोडावी, अशी पद्धत पडली. १९५१ साली या तिघांनी त्यावर पुस्तकही लिहिले. तेथे अडचण नव्हती, कारण यंत्र एकच होते. शेजारच्या गावी दुसरे यंत्र आले, त्याचे हुकूम निराळे निघाले, की कपाटातील सगळ्या फिती रद्दी! पुढील वीस वर्षे थोड्याफार फरकाने हेच चालले. फोर्ट्रानसारख्या भाषांनी हिशेबाची गणिते एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागली, हे खरे. पण यंत्राचा कारभार पाहणारा जो मूळ प्रोग्राम, तो प्रत्येक यंत्रासाठी आरंभापासून पुन्हा लिहावा लागे.

यातून वाट निघाली ती अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांतात मरे हिल येथे, बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत. १९६९ साली केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी पीडीपी ७ या लहानशा यंत्रावर युनिक्स नावाची कार्यप्रणाली रचावयास आरंभ केला. पुढे रिची यांनी सी ही भाषा तयार केली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा त्या भाषेत नव्याने लिहिला गेला. याचा अर्थ एवढाच की आता यंत्र बदलले तरी लिखाण फेकून द्यावयाचे कारण उरले नाही. दुभाषी बदलला की पुरे. निदान तत्त्वतः तरी तसे होते. प्रत्यक्षात काय झाले ते पुढे येईलच.

परंतु हे लिखाण जगभर पसरले कसे? त्यामागे तंत्र नाही, कायदा आहे. आणि कायद्याच्या गोष्टी आमच्या धंद्याच्या असल्यामुळे आम्ही येथे क्षणभर थांबतो. बेल प्रयोगशाळेची मालक जी एटी अँड टी कंपनी, तिची टेलिफोनच्या धंद्यात मक्तेदारी होती. १९५६ साली सरकारने लावलेल्या खटल्यात तडजोडीचा हुकूमनामा झाला, आणि त्यानुसार कंपनीने टेलिफोनच्या धंद्याबाहेर व्यापार करावयाचा नाही असे ठरले. त्यामुळे युनिक्स हा विकावयाचा माल म्हणून बाजारात मांडता येईना. कंपनीने विद्यापीठांना ते नाममात्र आकार घेऊन, मूळ लिखाणासकट, चुंबकीय फितींवर देण्यास आरंभ केला. अट एवढीच, की मोडले तर आमच्याकडे येऊ नका. ही अट पुढे वरदान ठरली. मोडलेले यंत्र ज्याला स्वतःच दुरुस्त करावे लागते, तो कारागीर होतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचे सारे लिखाण छापून त्यावर ओळीओळीने टीका लिहिली. पोथीवर टीका लिहावी तशी. १९७९ साली सातवी आवृत्ती निघाली तेव्हा कंपनीने नव्या परवान्यात हे लिखाण वर्गात शिकविण्यास मनाई केली. मग लायन्स यांची टीका छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरू लागली, प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, अक्षरे पुसट होईपर्यंत. राजरोस छापील पुस्तक म्हणून ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. वीस वर्षे जगातील संगणकशास्त्राचे विद्यार्थी चोरून छायाप्रती वाचून शिकले, ही गोष्ट मालकी हक्काच्या गुणगानाच्या वेळी कोणी सांगत नाही.

आता घडणीकडे वळू. १९७७ साली युनिक्स प्रथमच परक्या जातीच्या यंत्रावर चढविण्यात आले. मौज अशी की ते दोन ठिकाणी, एकाच वर्षी झाले: ऑस्ट्रेलियात वोलोंगॉंग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी इंटरडेटा ७/३२ या यंत्रावर चढविले, आणि खुद्द बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन व रिची यांनी इंटरडेटा ८/३२ वर. तेव्हा कळून आले की भाषा एक असली तरी यंत्रांचे स्वभाव निराळे असतात. एका यंत्राचा शब्द सोळा बिटांचा, दुसऱ्याचा बत्तीसांचा. कोणी आकड्याचा मोठा भाग आधी मांडतो, कोणी लहान. असे सांगतात की एका यंत्रावर युनिक्स प्रथम चढविले तेव्हा त्याने आपले नाव 'युनिक्स' ऐवजी 'नुक्सी' असे छापले. इंग्रजी चार अक्षरांतील प्रत्येक जोडी उलटी झाली होती. लिखाणात एकही चूक नव्हती.

याच सुमारास घडणीचे पहिले मोठे हत्यार निघाले, आणि ते एका वाया गेलेल्या सकाळीतून निघाले. मोठ्या प्रोग्रामचे लिखाण अनेक फाइलींत विभागलेले असते. एक फाइल सुधारली की तिचे पुन्हा रूपांतर करावयाचे, मग सगळे तुकडे पुन्हा जोडावयाचे. १९७६ साली बेल प्रयोगशाळेतील स्टीव्ह जॉन्सन हे सबंध सकाळ एक चूक शोधीत बसले होते. चूक त्यांनी केव्हाच दुरुस्त केली होती. पण दुरुस्त फाइलीचे रूपांतर करावयाचे राहिले होते आणि जुनाच तुकडा जोडला जात होता. ते संतापून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत गेले. फेल्डमन यांनाही तसलाच अनुभव नुकता आला होता. त्यांनी शनिवार-रविवारात मेक नावाचा प्रोग्राम लिहिला. कोणता तुकडा कशापासून बनतो याची यादी एका फाइलीत लिहावयाची. मेक तारखा पाहून, जे शिळे झाले असेल तेवढेच नव्याने घडवितो. स्वयंपाकघरात जिला कळते की डाळ सकाळची आहे पण फोडणी ताजी हवी, तिचे शहाणपण त्यात आहे. २००३ साली फेल्डमन यांना या कामाबद्दल अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

याच मेकची एक खोड आजही नवशिक्यांना रडविते. यादीतील हुकमाच्या ओळीच्या आरंभी टॅब नावाची कळ दाबून सोडलेली मोकळी जागा हवी. साधी मोकळी जागा दिली तर चालत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. हा नियम वाईट आहे हे फेल्डमन यांना थोड्याच आठवड्यांत कळले होते. पण तोपर्यंत डझनभर लोक मेक वापरू लागले होते, आणि त्यांची घडी विसकटू नये म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभर लोकांच्या सोयीचा भुर्दंड आज जग भरते आहे. रूढी बहुधा अशाच पडतात.

१ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टी कंपनीचे तुकडे झाले आणि व्यापाराची मनाई उठली. झाले! युनिक्स विकाऊ माल बनले. सन, एचपी, आयबीएम, डीईसी, प्रत्येक कंपनीने आपापले युनिक्स काढले, प्रत्येकाने त्यात काही निराळे घातले, आणि लिखाण झाकून ठेवले. पुढे तर सन कंपनीने १९९२ साली आलेल्या सोलारिस २ या आवृत्तीपासून यंत्राबरोबर कंपायलर देणेही बंद केले. हवा असेल त्याने निराळे पैसे मोजावेत. ज्याने यंत्र विकत घेतले त्याच्या हातून हत्यारांची पेटी काढून घेतल्यासारखे हे झाले. लिखाण आहे, यंत्र आहे, पण दुभाषी कुलूपबंद.

हा दिवस येणार हे एका माणसाने आधीच ओळखले होते. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी संस्थेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू नावाची, सर्वांना मोकळी असणारी कार्यप्रणाली रचण्याची घोषणा केली. त्यांच्या मतांतील टोकदारपणा बाजूला ठेवू. कारागिराच्या दृष्टीने त्यांचे शहाणपण असे की त्यांनी आरंभ हत्यारांपासून केला. १९८७ साली त्यांचा कंपायलर, जीसीसी, बाहेर पडला. आणि सन कंपनीने आपली पेटी कुलूपबंद केली तेव्हा लोकांपाशी ही दुसरी पेटी तयार होती.

त्यांच्या परवान्यातील एका कलमाकडे मात्र आम्ही आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. जून १९९१ मध्ये या परवान्याची दुसरी आवृत्ती निघाली. प्रोग्राम दुसऱ्यास देणाऱ्याने त्याचे मूळ लिखाणही दिले पाहिजे, हे त्यात आहेच. पण मूळ लिखाण म्हणजे काय? त्या कलमात स्पष्ट केले आहे की घडविण्याची व बसविण्याची कृती ज्या फाइलींत लिहिलेली असते त्या फाइलीही लिखाणातच मोडतात. हे ज्याने लिहिले त्याला मालकवर्ग चांगला ठाऊक असला पाहिजे. करारात हक्क लिहून द्यावयाचा आणि तो बजावण्याचा रस्ता मात्र लिहावयाचा नाही, ही युक्ती आम्हांला वाटाघाटींच्या टेबलावर वर्षानुवर्षे भेटली आहे. तरीही पळवाट निघालीच. दूरदर्शनचे कार्यक्रम साठवून ठेवणारी टिव्हो नावाची पेटी अमेरिकेत विकली जाई. कंपनी लिखाण देई, कृतीही देई. पण आपण ते सुधारून, घडवून पेटीत बसविले की पेटी कंपनीची सही तपासी आणि चालण्यास नकार देई. घडवा, पण बसवू नका! म्हणून २००७ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत, घरगुती वापराच्या यंत्रात बसविण्यास लागणारी माहितीही द्यावी, असे कलम घालावे लागले. सोळा वर्षांत एका शब्दाची व्याख्या दोनदा रुंद करावी लागली.

कायद्याने रस्ता मोकळा केला, तरी चालण्याचे श्रम उरतातच. १९९१ च्या जून महिन्यात डेव्हिड मॅकेन्झी हे गृहस्थ ग्नूची पुष्कळशी साधने सांभाळीत होते. तोवर युनिक्सचे इतके पंथ झाले होते की लिखाण घेणाऱ्याला घडणीपूर्वी यादीत आपल्या यंत्राप्रमाणे सुमारे वीस पर्याय हाताने निवडावे लागत. अमुक फंक्शन आहे काय, तमुक फाइल कोठे आहे, वेळ कशी मोजतात. घेणाऱ्याला त्रास होताच. पण मॅकेन्झी यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की खरा बोजा त्यांच्यावर होता, कारण प्रत्येक नवी आवृत्ती त्यांना निरनिराळ्या यंत्रांवर चालवून पाहावी लागे. यंत्रे वाढत गेली, माणूस एकच. मुंबईत १९२८ साली गिरण्यांचा जो मोठा संप झाला, त्याच्या कारणांत विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत ही सक्तीही होती. साचे वाढविणाराला सांभाळणाराचे हात मोजण्याची सवय नसते. मॅकेन्झी यांच्यावर मालकाची सक्ती नव्हती, इतकाच फरक.

त्यांनी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. तो यंत्राची परीक्षा घेई आणि पर्याय आपणच ठरवी. त्याला कॉन्फिगर असे नाव होते. त्यापूर्वी लॅरी वॉल यांनी आपल्या प्रोग्रामांसाठी याच जातीची युक्ती केली होती, परंतु मॅकेन्झी यांनी पुढे अशा परीक्षा आपोआप लिहून देणारे ऑटोकॉन्फ हे हत्यार तयार केले व ते सर्वत्र रुळले.

त्यामागील कल्पना साधी पण फार मोलाची आहे. नव्या कारखान्यात यंत्र बसविण्यास गेलेला जाणता फिटर इमारत कोणत्या ठेकेदाराने बांधली हे विचारीत बसत नाही. तो पाया ठोकून पाहतो, पातळी लावतो, विजेचा दाब मोजतो. ऑटोकॉन्फ तेच करतो. "तू सन आहेस की एचपी?" असे न विचारता तो चार ओळींचा चाचणी प्रोग्राम लिहितो, त्याचे रूपांतर होते का पाहतो, झाले तर नोंद करतो, नाहीतर दुसरी चाचणी घेतो. अशा शेकडो चाचण्या पडद्यावरून भराभर सरकतात. नाव सांगणारा खोटे बोलू शकतो, चाचणी बोलत नाही. यामुळे ज्या यंत्राचे नावही लेखकाने ऐकलेले नाही, त्यावरही लिखाण चढू लागले. 'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल' हे तीन हुकूम क्रमाने दिले की काम झाले. चाचणी, घडण, बसवणूक. पुढे एका पिढीने हे तीन शब्द संध्येतील आचमनासारखे पाठ केले.

लायब्ररीच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. प्रोग्राम घडविला की तो स्वतंत्र चालतो; लायब्ररी मात्र दुसऱ्यांनी उचलावयाची असते. पूर्वी ती प्रत्येक प्रोग्रामात शिवून टाकीत. १९८० नंतरच्या दशकात अशी पद्धत आली की लायब्ररी यंत्रावर एकच प्रत ठेवावी आणि प्रोग्राम चालू होताना त्याने ती शोधून घ्यावी. जागा वाचली, आणि लायब्ररीतील दोष एकदा सुधारला की सर्वांचा सुधारला. पण शोधावयाची कोठे? नाव काय? येथे प्रत्येक कंपनीने आपली चूल वेगळी मांडली. लिनक्स व सोलारिसवर नावाच्या शेवटी 'एसओ', एचपीवर 'एसएल', ॲपलच्या यंत्रावर 'डायलिब', विंडोजवर 'डीएलएल'. आणि घडविण्याचे हुकूम तर याहून निराळे. १९९६ साली गॉर्डन मॅट्झिगकाइट यांनी लिबटूल हे हत्यार काढले. ते मध्ये उभे राहून सगळ्यांच्या चाली सांभाळते. घराघरांतील मानपान जाणणाऱ्या लग्नघरच्या मावशीसारखे त्याचे काम. उपयोगी सर्वांना, पण त्याच्याविषयी चांगले बोलणारा विरळा. विंडोजवर तर शेल हा हुकमांचा दुभाषीच युनिक्सचा नसल्यामुळे कॉन्फिगर चालेना. त्यासाठी १९९५ पासून सिगविन, आणि २००० पासून सीमेक अशी साधने आली. सीमेकचा जन्म अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या पैशाने चाललेल्या शरीरचित्रांच्या प्रकल्पातून झाला, आणि आज दोन्ही पंथांवर घडणारी पुष्कळ कामे त्याच्यावर चालतात.

या सर्व सोयींचा परिणाम एकच झाला, तो असा की बहुतेकांनी घडविणे सोडून दिले. १९९३ साली इयन मरडॉक यांनी डेबियन हा संघ सुरू केला. शेकडो स्वयंसेवक लिखाण घेतात, घडवितात आणि तयार पुडके देतात. १९९४ पासून फ्रीबीएसडीमध्ये पोर्ट्स म्हणून कृतींचा संग्रह आहे, त्यात ज्याला हवे त्याने घरी घडवावे, पण कृती आयती मिळते. हे योग्यच झाले. प्रत्येकाने जात्यावर दळावे असा आमचा हट्ट नाही. गिरणीत दळून आणावे; पण गिरणीवाल्याने पिठात काय मिसळले हे कळण्याची सोय हवी.

ती सोय वाटते तितकी सोपी नाही, हे केन टॉम्प्सन यांनीच १९८४ साली दाखवून दिले होते. युनिक्सबद्दल मिळालेला ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी आपले कौतुक न सांगता एक चोरी समजावून सांगितली. समजा, कंपायलर असा बिघडविला की प्रवेशद्वाराचा प्रोग्राम रूपांतरास आला म्हणजे त्यात गुप्त परवलीचा शब्द घालावयाचा. हे कंपायलरच्या लिखाणात दिसेल. म्हणून दुसरा बिघाड असा करावयाचा की खुद्द कंपायलरचे स्वच्छ लिखाण रूपांतरास आले तरी त्यात हे दोन्ही बिघाड आपोआप शिरतील. मग लिखाण धुऊन स्वच्छ केले तरी चोर दुभाष्याच्या पोटात पिढ्यानपिढ्या जिवंत. सारे लिखाण वाचूनही काही सापडणार नाही. भाषण गाजले, पाठ्यपुस्तकांत गेले, आणि चाळीस वर्षे ते एक बुद्धिचातुर्याचे उदाहरण म्हणून सांगितले गेले.

आता २०२४ ची गोष्ट. एक्सझेड नावाची फाइली आवळून लहान करणारी लायब्ररी आहे. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर ती असते. ती अनेक वर्षे मुख्यतः एक माणूस, बिनपगारी, फावल्या वेळात सांभाळीत होता. २०२१ च्या अखेरीस 'जिया टॅन' या नावाने कोणी मदतीस आला. हे नाव खरे नाही, एवढे आता सर्व मानतात. २०२२ साली आणखी काही नावांनी सार्वजनिक पत्रव्यवहारात तक्रारी येऊ लागल्या, की काम फार सावकाश होते, नवा माणूस नेमा. सांभाळणाऱ्याने उत्तर दिले की हा बिनपगारी छंद आहे हे ध्यानात असू द्यावे. आम्ही आयुष्यात पुष्कळ मागणीपत्रे लिहिली व वाचली. परंतु ज्याला वेतनच नाही त्याच्याकडून काम वाढवून मागणारे मागणीपत्र आमच्या पाहण्यात हे पहिलेच. या लायब्ररीवर ज्यांचा कारभार चालतो त्या कंपन्यांची नावे जगाला पाठ आहेत. त्यांपैकी कोणी त्या माणसाला मदतनीस दिला असता, तर आगंतुकाला दार उघडे सापडले नसते. हळूहळू जिया टॅनच्या हाती आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार आला.

२४ फेब्रुवारी २०२४ रोजी आवृत्ती ५.६.० आणि ९ मार्चला ५.६.१ निघाली. सर्वांसमोर उघड्या असलेल्या लिखाणाच्या भांडारात चोरीची दोरी कोठेच दिसत नव्हती. आवळलेला माल चाचणीसाठी ठेवलेल्या नमुन्याच्या फाइलींत दडविला होता, आणि त्या फाइली मुळातच कोणाला वाचता येण्याजोग्या नसतात. त्याला बाहेर काढणारी ओळ केवळ प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यात, म्हणजे ज्याला टारबॉल म्हणतात त्यात, घडणीच्या कृतीच्या एका फाइलीत होती. येथे आपण पाहिलेला ऑटोकॉन्फ परत आला. कॉन्फिगर हा प्रोग्राम कोणी हाताने लिहीत नाही. तो यंत्राने लिहिलेला, हजारो ओळींचा असतो, आणि भांडारात नसून गाठोड्यात असतो. त्यामुळे भांडार आणि गाठोडे यांत फरक दिसला तर कोणाला नवल वाटत नाही. तीस वर्षांच्या सवयीने लोक तो भाग न वाचताच पुढे जात. करारातील मुख्य कलमे दोन्ही पक्ष दहा वेळा वाचतात, आणि घात परिशिष्टात असतो. आमच्या एका जुन्या करारात कामाच्या गतीची मोजपट्टी सातव्या परिशिष्टातील तक्त्यात होती, आणि तिच्यावर सही करणाऱ्यांपैकी कोणी तो तक्ता उघडून पाहिला नव्हता. त्या कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. अशा पुष्कळ आहेत.

चोराची चतुराई पाहा. ती ओळ चाचण्याच घेई, जशा प्रामाणिक कॉन्फिगरने घ्याव्यात तशा. यंत्र लिनक्स आहे काय? प्रोसेसर त्या ठरावीक चौसष्ट बिटी जातीचा आहे काय? कंपायलर जीसीसी आहे काय? आणि डेबियन किंवा रेडहॅट पद्धतीचे पुडके बांधले जात आहे काय? सर्व उत्तरे होकारार्थी आली तरच माल बाहेर निघे. घरी हाताने घडविणाऱ्याला काही होत नसे. जेथून लाखोंच्या घरी पीठ जाते तीच गिरणी त्याने हेरली होती. हेतू असा की दूरच्या संगणकात शिरण्याचे जे दार, एसएसएच, त्याची किल्ली एका माणसाच्या हाती यावी. ते दार ही लायब्ररी स्वतः वापरीतही नाही. पण काही संघांनी सोयीसाठी त्याला दुसरी एक लायब्ररी जोडली होती, आणि ती दुसरी एक्सझेडला जोडलेली होती.

पकडले कसे? आंद्रेस फ्रॉइंड नावाचे अभियंते पोस्टग्रेस या माहितीसाठ्याच्या वेगाची मोजणी करीत होते. डेबियनच्या चाचणीतील आवृत्तीवर एसएसएचने प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो व प्रोसेसर विनाकारण राबतो, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी खांदे उडविले असते. त्यांनी माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारा प्रकार जाहीर केला. बिघडलेल्या आवृत्त्या तोवर डेबियन, फेडोरा वगैरेंच्या चाचणीच्या मालात पोचल्या होत्या. पक्क्या मालात शिरावयाच्या होत्या.

डेबियनमध्ये २०१३ पासून एक प्रयत्न चालू आहे, त्याचा उल्लेख केला पाहिजे. त्याचे सूत्र असे की एकच लिखाण दोन अनोळखी माणसांनी दोन यंत्रांवर घडविले तर निघणारे पुडके शेवटच्या बिटापर्यंत सारखे निघाले पाहिजे. ऐकावयास सोपे, पण घडणीत तारीख, फोल्डरचे नाव, फाइलींचा क्रम, काय काय झिरपते याला अंत नाही. पुष्कळ पुडकी आता अशी जुळतात, आणि गिरणीतच कोणी भेसळ केली तर ती उघडी पडते. परंतु एक्सझेडचा चोर यानेही सापडला नसता. गाठोडेच विषारी असल्यावर दोघांचेही पीठ सारखेच विषारी निघणार. म्हणून त्या घटनेनंतर काही पुडके बांधणारे गाठोड्याऐवजी थेट उघड्या भांडारातून लिखाण घेऊन, कॉन्फिगरही आपणच निर्माण करून घडवू लागले आहेत. काम वाढले, ते करणारे बहुतेक अजून स्वयंसेवकच आहेत.

एक्सझेडचा मूळ सांभाळणारा परत कामाला लागला. जिया टॅनच्या नावाची एकेक नोंद तपासून त्याने विषारी भाग काढून टाकला, आणि २९ मे २०२४ रोजी, घटना उघड झाल्याला बरोबर दोन महिने होत असताना, ५.६.२ ही आवृत्ती आपल्या सहीने प्रसिद्ध केली.